पुंजारामनं भरलेल्या नांग्या

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे आणि मी दमलोय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे कडू बोललो तर मनाला लावून घेऊ नका. पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात, कॉलेजात मायक्रोस्कोप म्हणतात, आणि पुंजाराम नावाचा एक माणूस मला शेवटपर्यंत 'दुर्बीण' म्हणत आला. मी कधी त्याची चूक काढली नाही. काढताच येत नव्हती. ज्यानं मला घडवलं त्यानं डोळे दिले, तोंड दिलं नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका गल्लीत माझी भिंगं घासली गेली. घासणाऱ्या माणसाचा अंगठा पाण्यात राहून राहून पांढरा पडला होता. तो भिंग उजेडाकडे धरायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. शेवटी त्यानं मला पितळी नळीत बसवलं आणि आपल्याच अंगठ्याच्या रेघा माझ्यातून पाहिल्या. तो हसला. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच जाणार. कोणीतरी वाकून बघणार आणि हसणार.

१९८१ साली मला पेंढ्यात गुंडाळून लाकडी पेटीत ठोकलं. मनमाडपर्यंत मोठ्या रुळांची गाडी, तिथून छोट्या रुळांची, आणि जालना स्टेशनावरून हातगाडी. कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात पेटी उघडली, नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, आणि विभागप्रमुख नरहर सरांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दहा वर्षं. चेष्टा करत नाही, मोजून दहा वर्षं.

"वापरलं तर बिघडेल" हे नरहर सरांचं शास्त्र. वर्षातून दोनदा मी बाहेर यायचो. एकदा तपासणीची मंडळी आली की, टेबलावर पांढरा कपडा अंथरून. आणि एकदा खंडेनवमीला, पूजेला. हळदकुंकू थेट भिंगावर वाहायचे. मग वर्षभर मला कपाटाची आतली बाजू लाल दिसायची. पुढे भिंगाला बुरशी धरली. ज्याच्यातून बुरशी बघायची त्यालाच बुरशी लागली, आणि त्या इमारतीत एकालाही लाज वाटली नाही.

१९९१ साली शरयू मॅडम शिकवायला आल्या. जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत वाढलेल्या. अंगानं काटकी, आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच आठवड्यात कपाटासमोर उभ्या राहिल्या.

"सर, किल्ली द्या."

"कशाला?"

"उघडायला."

"मॅडम, दहा वर्षांत आपल्या विभागात एक काच फुटलेली नाही."

"हातच लावला नाही तर फुटेल कशी, सर?"

नरहर सरांनी किल्ली दिली, पण ते वाक्य मनात ठेवलं. काही माणसं विज्ञान विसरतात, टोमणा विसरत नाहीत.

मला पुसायचं काम पुंजारामकडे आलं. पुंजाराम प्रयोगशाळेतला शिपाई. गाव टेंभुर्णी, शिक्षण सातवी. भावांसोबत थोडं रान होतं, सुट्टीच्या दिवशी तो तिकडे पळायचा. हात नांगराचे, पण बोटं सोनाराची. त्यानं मला खोलून एकेक भिंग मऊ धोतराच्या तुकड्यानं पुसलं. आठ दिवस लागले. नवव्या दिवशी त्यानं माझ्यातून पाहिलं आणि ओरडला, "आरं तिच्या! मॅडम, जल्दी या. ह्यो तर जित्ता हाये!"

माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दाद. प्रमाणपत्रं पुष्कळ पाहिली, असं कोणी बोललं नाही.

आता मॅडमचं काम काय होतं ते सांगतो. अवघड नाही. अवघड करून सांगणारे लोक असतात, तो भाग वेगळा.

पाव फुगवतं, मळीपासून दारू बनवतं, ते यीस्ट. एकाच पेशीचा जीव. त्याच्या पोटात सोळा गुणसूत्रं आईकडची आणि सोळा बापाकडची, म्हणजे सोळा जोड्या. बरे दिवस असले तर यीस्ट नुसतं वाढत राहतं. उपासमार झाली की ते चार बीजाणू तयार करतं, एका पिशवीत चार. त्या प्रत्येक बीजाणूत सोळाच गुणसूत्रं जायला हवीत, प्रत्येक जोडीतलं एक. कमी गेलं तर बीजाणू मरतो. त्यासाठी आधी प्रत्येक गुणसूत्रानं आपला जोडीदार शोधून त्याला धरून ठेवावं लागतं. आंधळ्या पेशीत ते एकमेकांना ओळखतात कसे? मॅडम पीएच.डी.साठी याच्याच मागे लागल्या होत्या.

पुंजारामनं एकदा विचारलंच. दुपारची वेळ होती, तो काचेची कांडी दिव्यावर तापवून केसासारखी सुई ओढत होता.

"ते कसं जुळतं मॅडम? चिठ्ठी लावलेली असती का?"

"चिठ्ठी नाही, भाऊ. एक प्रथिन येतं आणि गुणसूत्राचा धागा मुद्दाम कापतं. मग दुसरी प्रथिनं त्या कापलेल्या टोकाला चिकटतात आणि त्याला घेऊन फिरतात. माझ्यासारखाच मजकूर कुठं आहे, माझ्यासारखाच मजकूर कुठं आहे, असं शोधत. जोडीदार सापडला की त्याच्यावरून बघून तुटलेलं सांधतात. त्या सांध्यानं दोघं एकमेकांना बांधले जातात."

पुंजाराम सुई ओढायची थांबला. "म्हंजी जुळवायसाठी आधी तोडायचं?"

"हो."

"आमच्याकडं सोयरिकीत उलटं हाये. आधी जुळवत्यात, मंग तोडत्यात."

मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातून नरहर सर डोकावले.

मॅडमकडे यीस्टच्या दोन जाती होत्या. एक धडधाकट. दुसरीत, सांध्याची गाठ घट्ट धरणारं प्रथिन बनवणारं जनुक मोडलेलं. बाटल्यांवर फक्त 'क' आणि 'ख' लिहिलं होतं. कोणती धडधाकट आणि कोणती मोडकी हे मॅडमनी पुंजारामला सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही. कारण काय यायला पाहिजे हे कळलं की माणसाचा हात नकळत तिकडे झुकतो. शास्त्राच्या दृष्टीनं मॅडमचं बरोबर होतं. मित्रांनो, सगळी भानगड या बरोबर गोष्टीतूनच झाली.

काम असं चालायचं. गोगलगायीच्या पोटातल्या रसानं पिशवीची साल मऊ करायची. मग माझ्याखाली, ओढलेल्या काचेच्या सुईनं, पिशवीतले चार बीजाणू एकेक करून उचलायचे आणि प्लेटमधल्या खाद्यावर एका ओळीत, सारख्या अंतरावर ठेवायचे. एक ओळ म्हणजे एक पिशवी. तीन दिवसांत जिवंत बीजाणूच्या जागी पांढरा ठिपका उगवतो. मेलेल्याची जागा मोकळी राहते. जालन्याच्या उन्हात खाद्य तडकायचं, वीज जायची, पाण्याचा टँकर आठवड्यानं यायचा. मॅडमचा हात सुईवर थरथरायचा. पुंजारामचा थरथरत नसे. म्हणून १९९५ च्या दिवाळीनंतर सुईचं सगळं काम त्याच्याकडे आलं. सातवी पास शिपाई एका दिवसात वीस पिशव्या उलगडायचा. विद्यापीठातली शिकलेली पोरं दहावर टेकायची.

'क' च्या ओळी भरगच्च उगवत. 'ख' च्या ओळींत मोकळ्या जागा पडत.

नरहर सर येता जाता प्लेट बघायचे. एकदा मॅडम वर्गावर असताना म्हणाले, "काय पुंजाराम, नांगर धरायच्या हातानं सुई धरायला गेलास ना? निम्मं मारून टाकलंस."

"ख च मरून राह्यलं सर. क चं बराबर येतंय."

"ते मला सांगू नको. पुढच्या वर्षी जूनमध्ये बाईंच्या नोंदणीची पाच वर्षं भरतायत. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. असल्या टकल्या प्लेटा दाखवून कोण देईल पदवी? बाई जातील घरी, आणि तुझी दुर्बीण जाईल कपाटात."

सर गेले. पुंजाराम स्टुलावर बसला. मग त्यानं मांडून दोनच दिवस झालेली एक 'ख' प्लेट माझ्याखाली सरकवली आणि एक मोकळी जागा पाहिली. तिथं तीन-चार पेशींचा पुंजका होता. बीजाणूनं डोळा उघडला होता आणि तसाच थांबला होता.

"कोंब आल्ता की रे तुला," तो म्हणाला.

आता शेतकऱ्याच्या घरची पोरं मला सांगतील पुढे काय झालं. सरकी टोबली, म्हणजे कपाशीचं बी ओळीनं टोचलं, आठ दिवस झाले, आणि ओळीत मधेच एखाद्या ठिकाणी उगवलं नाही, तर त्या मोकळ्या जागेला नांगी म्हणतात. नांगी तशीच ठेवणारा शेतकरी आळशी. चांगला माणूस ओळीनं वाकत जातो आणि नांग्या भरतो, नव्यानं बी टोचतो. पुंजारामच्या बापानं त्याला हेच शिकवलं होतं. आणि नरहर सरांनीही वेगळं काय शिकवलं होतं? प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक आला की एखाद्याच्या नळीत रंग आला नाही असं दिसता कामा नये. पुंजारामनं आधीच रंग आलेल्या नळ्या तयार ठेवायच्या आणि रडवेल्या पोरापुढे गुपचूप सरकवायच्या. बारा वर्षं त्यानं हे केलं. त्याला कोणी लबाडी म्हटलं नाही, मदत म्हटलं.

त्यानं तारेचं टोक दिव्यावर लाल केलं, थंड होऊ दिलं, शेजारच्या जिवंत ठिपक्याला अलगद लावलं आणि मोकळ्या जागी टेकवलं.

मी ओरडलो. मित्रांनो, पितळ ओरडलं तर कोणाला ऐकू जातं?

सगळ्या जागा त्यानं भरल्या नाहीत. जिथं कोंबाची खूण दिसली तिथंच भरायचा, ओळीत एखादी. पार मेलेल्या जागेला हात लावत नसे. त्याच्या लेखी ते खोटं नव्हतंच. अडलेल्याला हात देणं होतं. वर्षभर त्यानं असा हात दिला आणि मी वरून बघत राहिलो.

१९९७ च्या फेब्रुवारीत मॅडमनी आकडे मांडले आणि चक्रावल्या. मोडक्या जातीत चारपैकी तीन जिवंत अशा ओळी पुष्कळ निघाल्या होत्या, आणि त्यातला तिसरा ठिपका जरा बारीक. त्यांनी औरंगाबादच्या मार्गदर्शकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की हे नवीन दिसतंय, आजवर असं कोणाला मिळालेलं नाही, हाच प्रबंधाचा गाभा करा. मॅडम पेढे घेऊन आल्या. पहिला पेढा पुंजारामला.

"तुमच्या हाताचं यश आहे, भाऊ."

पुंजारामनं पेढा हातात धरला. "तीन उगवले ते चांगलं झालं का मॅडम?"

"चांगलं? अहो, आश्चर्य आहे. ख मध्ये गाठ धरणारं प्रथिनच नाही. गाठ सुटली की जोडीतली दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पुढं प्रत्येक बाजूचे दोन बीजाणू होतात. म्हणजे मरायचे तर दोन मरतील, नाहीतर चारही. ओळीत चार, दोन किंवा शून्य. तीन क्वचित यायला हवेत. मला त्या मोकळ्या जागाच मोजायच्या होत्या. पण तुमच्या प्लेटांनी काहीतरी वेगळंच दाखवलं."

पुंजारामनं पेढा तोंडात घातला नाही. कागदात गुंडाळून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी टेंभुर्णीहून पहिल्या गाडीनं आला, मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिला. नरहर सर तिथंच चहा पीत होते.

"मॅडम, ते तीन म्या केलेत."

"म्हणजे?"

"नांग्या भरल्या मॅडम. जिथं कोंब येऊन थांबला तिथं शेजारचं उचलून लावलं. मला वाटलं माझा हात चुकून राह्यला. तुमचं नुकसान हुईल. घरी कारभारणीला, तुळजाबाईला सांगितलं. ती म्हणली, दुसऱ्याच्या रानात नांग्या भरायला गेलासच कशाला? मालकाला तिथं पीक पायजे होतं का पड ठिवायची होती, इचारलं का?"

मॅडमनी वही पुढे ओढली. "कोणकोणत्या ओळी, भाऊ?"

"ध्यानात न्हाई. लिहून न्हाई ठिवलं. वरीसभर करून राह्यलो."

मग नरहर सर हसले. मनापासून हसले, आणि मला त्यांचं ते हसणं आजही सहन होत नाही.

"यात रडण्यासारखं काय आहे मॅडम? जिथं तीन आहेत तिथं दोन लिहा. हा खरं बोलतोय ना? मग दोन हेच खरं. उलट तुमचा सिद्धान्त सुंदर जुळतो. जूनच्या आत प्रबंध द्या, पदवी घ्या. कोण बघतंय?"

मी मॅडमकडे बघत होतो. खोटं नव्हतं ते. तिनाचे दोन केले असते तर उत्तर बरोबरच आलं असतं. सहा वर्षांची झीज एका पेनाच्या फटकाऱ्यात भरून निघाली असती. मॅडमनी पेन उचललं सुद्धा. वहीवर धरलं. तीनच्या आकड्यावर ते किती वेळ थांबलं सांगता येत नाही, मला घड्याळ नाही.

"नाही सर," त्या म्हणाल्या. "यांनी न उगवलेलं लावलं, मी न पाहिलेलं लिहीन. नांगीच भरली की मीसुद्धा."

"मग नोंदणी जाईल."

"जाऊ द्या."

"याला तरी निलंबित करा!"

"याला शिक्षा आणि परीक्षेत नळ्या सरकवायला शिकवणाऱ्याला चहा, असं का सर?"

सर कप ठेवून निघून गेले. मॅडम मग पुंजारामकडे वळल्या. मला वाटलं आता फटकारतील. पण त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "चूक माझी पण आहे, भाऊ. मी तुमचा हात घेतला, डोकं घेतलं नाही. ख म्हणजे काय ते सांगायचं नव्हतं, कबूल. पण मोकळी जागा म्हणजे नापास नाही, एवढं तरी सांगता आलं असतं."

नोंदणी गेली. गाव बोलायचं ते बोललं. "एवढं शिकून काय उजेड पाडला" हे मॅडमच्या सख्ख्या काकूनं मॅडमच्याच दारात म्हटलं. मार्गदर्शकांनी वर्षभर पत्राला उत्तर दिलं नाही. १९९८ मध्ये पुन्हा नोंदणी झाली आणि पहिल्या ओळीपासून काम सुरू झालं. या वेळी मॅडमनी एक बदल केला. प्लेट उघडली की आकडा पुंजारामनं स्वतःच्या हातानं वहीत लिहायचा आणि पुढं सही करायची. तो म्हणाला, "मॅडम, माझं अक्षर खराब हाये." मॅडम म्हणाल्या, "आकडा खरा असू द्या."

२००२ साली मॅडमना पदवी मिळाली. सत्कारात नरहर सरांनी भाषण केलं की हे यंत्र त्यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता संगणकाला जोडलेला नवा मायक्रोस्कोप आलाय आणि मी व्हरांड्यात काचेच्या पेटीत आहे. वर पट्टी चिकटवली आहे, 'ऐतिहासिक उपकरण'. मला अजून स्वच्छ दिसतं. पण कोणी वाकून बघत नाही. ते असो. मला पदवी आठवत नाही, सत्कारही आठवत नाही. आठवते ती २००० च्या एप्रिलमधली एक दुपार.

पुंजारामला निवृत्त व्हायला चार दिवस राहिले होते. बाहेर ऊन असं की पत्रा तडतडत होता. त्यानं 'ख' ची एक प्लेट माझ्याखाली घेतली. पहिली ओळ, चार. लिहिलं. दुसरी ओळ, दोन. लिहिलं. तिसरी ओळ पार उघडी. चारातलं एकही नाही. त्यानं एकेक जागा माझ्याखाली आणून पाहिली. एका जागी पाच पेशींचा कोंब थांबलेला होता. तार हाताशी होती, दिवा पेटलेला होता, शेजारी पांढरेशुभ्र जिवंत ठिपके होते, आणि खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

तो त्या कोंबाकडे बघत राहिला. "न्हाई बाबा," तो हळूच म्हणाला. "तुझं जेवढं हुतं तेवढं झालं."

आणि वही ओढून त्यानं शून्य काढलं. सावकाश, गोल, दोन्ही टोकं जुळवून. पुढं सही केली, पुंजाराम. मग दिवा फुंकून विझवला.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्राला तुम्ही काय द्याल? कुंकू नको, हार नको. मऊ कापडानं भिंग पुसा आणि वापरा. वापरून फुटलो तर चालेल, कपाटात मरायला नको. आणि माझ्यातून बघाल तेव्हा जे नाही ते 'नाही' म्हणून लिहायला भिऊ नका. तुमच्या हाताखाली काम करणाऱ्यालाही सांगा की त्यानं भिऊ नये. मी सगळं बघतो, पण बोलत नाही. बोलायचं काम तुमचं आहे.